बाळाला नीट दिसत नसेल तर घरी सुरुवात कशी करावी

बाळाला दिसत नाही, किंवा फार कमी दिसतं, हे कळलं की घर सुन्न होतं. त्या सुन्नपणात महिने निघून जातात, आणि नेमके तेच महिने मोलाचे असतात. डोळस बाळ शेकडो गोष्टी नुसतं बघून शिकतं. वाटीत पाणी कुठून येतं, आई दाराआड गेली तरी परत येते, हे त्याला कुणी शिकवत नाही. दृष्टिबाधित बाळापर्यंत हे सगळं मुद्दाम पोचवावं लागतं. त्यासाठी शाळेच्या वयाची वाट बघायची नाही.

1. शंका आली की तपासणी

साधारण 2 महिन्यांचं बाळ चेहऱ्याकडे टक लावून बघू लागतं आणि 3 महिन्यांपर्यंत हलत्या वस्तूमागे नजर फिरवतं. तसं होत नसेल, डोळे सतत थरथरत असतील, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, मग ती फोटोत का असेना, तर एक दिवसही थांबू नका. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो किंवा रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोगही. दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या दोनेक महिन्यांत झाली तर नजर घडण्याची संधी खूप वाढते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी तर दिलेल्या तारखेला झालीच पाहिजे.

निदानाचं नाव कळलं की पुढचा प्रश्न विचारा: याला काय दिसतं, किती अंतरावरचं, कुठल्या उजेडात? मिट्ट काळोखात असलेली मुलं थोडी. बहुतेकांना काहीतरी दिसतं. त्या 'काहीतरी'वरच पुढचं काम उभं राहतं.

2. आधी आवाज, मग स्पर्श

न सांगता उचललेलं बाळ दचकतं. म्हणून आधी नावाने हाक मारा, मग खांद्याला हात लावा, काय करणार ते सांगा, क्षणभर थांबा आणि मग उचला. घरातल्या प्रत्येकाने स्वतःची एक खूण ठरवावी. कुणी हातातली बांगडी स्पर्शू द्यावी, कुणी दाढी.

इथे एक गैरसमज फार दुखावून जातो. आईचा आवाज आला की डोळस बाळ हातपाय हलवून हसतं. हे बाळ मात्र स्तब्ध होतं. 'याला माझी ओढच नाही,' असं आईला वाटतं. खरं तर ते कान देऊन ऐकत असतं! अमेरिकेतल्या बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी अंध बाळांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. त्यांना दिसलं की जे चेहरा सांगत नाही ते हात सांगतात. म्हणून बाळाची बोटं बघा. ती उघडतात, चाळवतात, काहीतरी शोधतात. हे त्याचं बोलणं आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं.

3. हात ओढू नका, हाताखाली हात ठेवा

बाळाचं मनगट धरून त्याचा हात वस्तूवर दाबला की ते मूठ मिटतं. हेच हात त्याला डोळ्यांच्या जागी आहेत, त्यांच्यावर जबरदस्ती नको. तुमचा हात वस्तूवर ठेवा आणि त्याचा हात तुमच्या हातावर. हळूहळू बोटं सरकवा, म्हणजे वस्तू त्याच्या बोटांना आपोआप लागेल. नको वाटलं तर त्याला हात काढून घेता आला पाहिजे.

4. जग हाताच्या टप्प्यात आणा

खुळखुळा वाजला की तिथे वस्तू आहे, हे अंध बाळाला बहुधा पहिल्या वर्षाच्या अखेरीकडेच उमगतं. तोवर हातातून निसटलेली वस्तू त्याच्या लेखी नाहीशी झालेली असते. डेन्मार्कच्या मानसशास्त्रज्ञ लिली नील्सन यांनी यावर 'लिटल रूम' काढली. ही एक छोटी खोलीवजा पेटी. तिच्यात बाळाच्या हातापायांना लागतील अशा वस्तू टांगलेल्या असतात, रोज त्याच जागी. हात हलला की काहीतरी वाजतं, आणि 'हे मी केलं' हे त्याला कळतं.

घरी चमचा, ब्रश, धातूची वाटी अशा खऱ्या वस्तू बाळाच्या दोन्ही बाजूंना ठेवा. प्लॅस्टिकच्या सफरचंदाला ना वास असतो ना चव, त्यातून सफरचंद कळत नाही. काही टांगलंत तर दोरी आखूड ठेवा आणि बाळाला एकटं सोडू नका. ते रमलं की आपण गप्प राहायचं. हे सर्वांत अवघड जातं, पण आपल्या कौतुकाच्या बोलण्याने त्याचं ऐकणं तुटतं.

5. उरलेली नजर वापरात आणा

डॉक्टरांनी चष्मा किंवा डोळ्यावर लावायची पट्टी दिली असेल तर नेमाने लावा. खिडकी बाळाच्या पाठीशी येईल असं बसवा. मेंदूतल्या इजेमुळे दिसण्यात अडचण असेल तर टीव्ही बंद, मागे साधं गडद कापड आणि पुढे एकच लाल किंवा पिवळी वस्तू हळू हलवा. मग थांबा, प्रतिसाद यायला बराच वेळ लागू शकतो. अशी मुलं वस्तू बघतात, मान फिरवतात आणि मग हात नेतात. त्याला दुर्लक्ष समजू नका.

6. जागेपणी पालथं राहणं, रांगणं

डोकं उचलून बघायला काही नाही, म्हणून पोटावर ठेवलं की बाळ रडतं. त्याला तुमच्या छातीवर पालथं घ्या आणि वरून बोला. रांगणं, चालणं उशिरा येतं, कारण पुढे ओढणारं काही दिसत नाही. पांगुळगाडा मात्र टाळा.

7. पुढे काय होणार, ते आधी कळू द्या

आंघोळीआधी रोज तोच टॉवेल हातात द्या, जेवणाआधी तोच चमचा. काही आठवड्यांत टॉवेल हाती येताच बाळ पाय उडवू लागेल. त्याच्यासाठी तो शब्दच झालेला असतो. बोटं डोळ्यांत खुपसत असेल तर 'नको' म्हणण्यापेक्षा त्या हातांना काम द्या.

नेत्रतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि विशेष शिक्षक वेगवेगळ्या दिवशी भेटतात, आणि प्रत्येकाला बाळ थोडंच दिसतं. म्हणून एक वही ठेवा. कुठल्या उजेडात ते वळलं, कशाकडे हात गेला, किती वेळाने गेला, हे रोज दोन ओळी लिहा आणि भेटीला जाताना वही बरोबर न्या.