थंडरबर्ड उघडत नाही? आधी या चुका टाळा

आयकॉनवर डबल क्लिक केलं, कर्सर क्षणभर फिरला आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी बहुतेकांचं पहिलं पाऊल एकच असतं: थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकणं. त्याने क्वचितच काम होतं. बिघाड बहुधा तुमच्या प्रोफाइलमध्ये असतो आणि अनइन्स्टॉल केलं तरी प्रोफाइल जिथल्या तिथे राहतं. नव्या प्रोग्रॅमलाही तेच जुनं दुखणं.

प्रोफाइल म्हणजे एक फोल्डर. मेल, खाती, पत्ते, पासवर्ड सगळं त्यात. विंडोज आणि आर या दोन कळा दाबून उघडलेल्या रन खिडकीत, दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत टाइप केला की जे उघडतं, त्यात थंडरबर्ड आणि त्याच्या आत प्रोफाइल्स. दुरुस्तीला हात घालण्याआधी थंडरबर्ड पूर्ण बंद करून हे अख्खं थंडरबर्ड फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. खातं पॉपचं, म्हणजे मेल संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीचं असेल, तर हे कळकळीने सांगतो, कारण पॉपने उतरवलेले मेल सर्व्हरवर उरलेले असतीलच असं नाही. अनेक वर्षांचा पत्रव्यवहार फक्त याच फोल्डरात असू शकतो. आयमॅप या दुसऱ्या पद्धतीचे मेल सर्व्हरवर असतात, पण फक्त तुमच्या संगणकावर राहणाऱ्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये हलवलेले नसतात.

‘थंडरबर्ड आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही’ असा संदेश आला तर वारंवार क्लिक करू नका. खिडकी बंद झाली तरी प्रोग्रॅम मागे चालू राहिलेला असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. थंडरबर्ड नुकतंच बंद केलं असेल तर मिनिटभर थांबा, कदाचित ते फाइल लिहीत असेल. मगच ‘एंड टास्क’ करा. तरीही तोच संदेश आला तर प्रोफाइलमधली पॅरेंट डॉट लॉक नावाची छोटी फाइल काढून टाका. ती पुन्हा आपोआप तयार होते. टास्क मॅनेजरमध्ये थंडरबर्ड दिसत असताना मात्र तिला हात लावू नका.

उघडता उघडता बंद पडत असेल तर शिफ्ट दाबून ठेवून सुरू करा. हा ट्रबलशूट मोड, पूर्वीचा सेफ मोड. त्यात ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी, बंद असतात. असं नीट उघडलं तर एखाद्या ॲड-ऑनवर संशय घ्या. अपडेटनंतर तर आधी तेच पाहा.

सर्वांत जास्त घाबरवणारा प्रकार वेगळाच. थंडरबर्ड उघडतं, पण कोरं, नवीन खातं जोडायला सांगणारं. मेल गेले असं वाटतं, पण बहुतेक वेळा ते गेलेले नसतात. आवृत्ती ६८ पासून वेगळ्या फोल्डरात इन्स्टॉल केलेल्या थंडरबर्डला वेगळं प्रोफाइल मिळतं. ३२-बिट काढून ६४-बिट टाकलं की हे सहज घडतं. जुनी आवृत्ती टाकली तर थंडरबर्ड नवीन प्रोफाइल बनवायला सुचवतं. ते मान्य केलं की पुन्हा कोरंच. इथे खातं नव्याने जोडत बसू नका. रन खिडकीत थंडरबर्ड हे नाव इंग्रजीत, मग एक जागा, वजाचिन्ह आणि कॅपिटल पी टाइप करा. प्रोफाइल मॅनेजर उघडेल, जुनं प्रोफाइल निवडा. तिथे ‘डिलीट फाइल्स’ हे बटण कधीही दाबू नका.

अँटिव्हायरसने काही पकडल्याचं सांगितलं तर लगेच ‘डिलीट’ म्हणू नका. नेहमीच्या रचनेत अख्खा इनबॉक्स ही एकच फाइल असते, त्यामुळे व्हायरस असलेल्या एका मेलपायी सगळा इनबॉक्स क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसच्या कोंडवाड्यात जाऊ शकतो. गेलाच असेल, तर अँटिव्हायरसच्या क्वारंटाइन यादीतून ती फाइल परत आणा, थंडरबर्ड उघडून फक्त तो मेल काढा आणि मग त्या फोल्डरवर ‘कॉम्पॅक्ट’ चालवा. नुसतं डिलीट केलेला मेल कॉम्पॅक्ट होईपर्यंत फाइलमध्ये तसाच राहतो आणि अँटिव्हायरस त्याला पुन्हा पकडतो.