हॉलच्या भिंतीवर माँद्रियान

नेरूळ-ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत डच चित्रकार माँद्रियानच्या धर्तीवर, म्हणजे काळ्या पट्ट्या आणि त्यांच्यामधले रंगीत आयत अशी, रंगवायची असेल, तर आधी त्याचं १९३० चं लाल-निळ्या-पिवळ्याचं चित्र निरखून बघा. उजवीकडे वर भलामोठा लाल, खाली डावीकडे छोटा निळा, उजव्या कोपऱ्यात जेमतेम पिवळा, तरी चित्र कलत नाही. काळ्या पट्ट्यांची जाडीही एकसारखी नाही. नकलेत नेमकं हेच सुटतं आणि भिंत टाइल्स लावल्यासारखी दिसते. डच वास्तुकार रीटफेल्टने त्याआधीच, १९२४ मध्ये, नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या श्रोडर घरात असाच तोल भिंती, कठडे, खिडक्यांत उतरवला. म्हणून सोफा, टीव्ही, दरवाजा हेही आपल्या चित्रातले आयत धरा आणि आलेख कागदावर १ फुटाला २ सेंमी या मापाने सगळं काढून बघा.

काम पावसाळ्यात नको. भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून २४ तास ठेवा. आतून दमट झालं तर ओल आहे, आधी तिचा बंदोबस्त करा.

१० × ९ फूट भिंतीला पांढरं मॅट इमल्शन २ लिटर. लाल, पिवळा, निळा, काळा प्रत्येकी २०० मिली. मोठा लाल हवा तर तो ५०० मिली. पांढऱ्याचे दोन हात झाले की २४ तास थांबा, नाहीतर पुढे पट्ट्यांसाठी लावलेल्या मास्किंग टेपबरोबर रंगाचा पापुद्रा निघतो. उभ्या रेघा ओळंब्याने, आडव्या स्पिरिट लेव्हलने आखा. कोपऱ्यावरून माप घेऊ नका, कोपरे क्वचितच काटकोनात असतात. छताला खेटून आडवी रेघ नकोच, छताचा उतार लगेच डोळ्यात भरतो.

रंग आधी, काळा शेवटी. रंग काळ्या पट्टीच्या जागेत अर्धा इंच आत जाऊ द्या. पिवळा पातळ झाकतो, त्याला तीन हात लागतात.

खरी मेख काळ्या पट्टीत आहे. पट्ट्या १, दीड आणि २ इंचांच्या ठेवा. दोन्ही बाजूंना टेप लावून कडा नखाने दाबा. मग टेपच्या कडेवर, त्या टेपखाली जो रंग आहे त्याच रंगाचा पातळ हात द्या: लालाच्या बाजूला लाल, पांढऱ्याच्या बाजूला पांढरा. झिरपायचं ते तिथेच झिरपतं, काळ्याला वाट उरत नाही. तो सुकल्यावर काळ्याचे दोन हात मारा. दुसरा ओलसर असतानाच टेप भिंतीलगत मागे दुमडून सावकाश ओढा. सुकलाच असेल, तर आधी कडेवरून कटर हलकेच फिरवा.