पुण्यात चालवायच्या स्पोर्ट्स कारला टायर कुठले घ्यावेत

पुण्यात गाडी रोज रस्त्यावर काढणार असाल, तर टायर घेताना आधी पाऊस आणि खड्डे बघा, कोरड्या रस्त्यावरची पकड नंतर. चांगल्या कंपनीचा कुठलाही परफॉर्मन्स टायर कोरड्या एक्स्प्रेसवेवर गरजेपेक्षा जास्तच पकड देतो. टायरा-टायरांतला फरक कळतो तो जूनच्या पहिल्या सरीत, कात्रज घाटात. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेल भिजून रस्ता साबण लावल्यासारखा होतो तेव्हा.

सुरुवात साइजपासून. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर कंपनीची साइज आणि हवा दोन्ही लिहिलेलं असतं. समजा २०५/५५ आर१६ ९१व्ही आहे. म्हणजे रुंदी २०५ मिमी, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्याच्या ५५ टक्के, रिम १६ इंची, ९१ म्हणजे एका टायरची वजन पेलण्याची क्षमता ६१५ किलो आणि व्ही म्हणजे वेगमर्यादा ताशी २४० किमी. नवा टायर घेताना वजनाची क्षमता आणि वेगमर्यादा याच्या खाली जाऊ देऊ नका.

आता मोह येतो मोठ्या अलॉय रिमचा. २२५/४५ आर१७ किंवा २२५/४० आर१८ घातला तरी टायरचा एकूण व्यास एक टक्क्याच्या आतच बदलतो, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. बदलतं ते रबर. १६ इंचीत साइडवॉल ११३ मिमी असते, १७ मध्ये १०१, १८ मध्ये फक्त ९०. खड्ड्याच्या धारेवर चाक आदळलं की साइडवॉल धार आणि रिम यांच्यात चिमटते, आतले दोरे तुटतात आणि तेवढ्याच जागी आतली हवा रबराला बाहेर ढकलते. हाच तो ‘फुगा’. याला पॅच नाही, दुरुस्ती नाही; टायर बदलायचाच. कमी हवेवर हे लवकर होतं. गाडी मुळात १६ ची असेल तर आमचा सल्ला, १७ वर थांबा. शिवाय २२५/४५ ला किमान ७ इंच रुंद रिम लागते. रिमचा ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते ते माप) चुकला तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चाकावरच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासतो.

प्रकार ठरवताना ‘समर टायर’ या नावाने बिचकू नका. तो पावसात चालतो, उत्तम चालतो. त्याचं वैर बर्फाशी आहे आणि ते पुण्यात नाही. रुंद उभ्या खाचा असलेला, ओल्या रस्त्यासाठी नावाजलेला टायर घ्या, उदाहरणार्थ मिशेलिन पायलट स्पोर्ट ४. ट्रेडवेअर (टायर किती हळू झिजतो ते सांगणारा, साइडवॉलवरचा आकडा) २०० च्या आसपासचे ट्रॅककडे झुकलेले टायर मऊ असतात, लवकर झिजतात आणि त्यांच्या खाचा कमी असल्याने साचलेल्या पाण्यावर तरंगतात. ताम्हिणीत जुलैमध्ये ते नकोतच. ट्रेडवेअरचा आकडा मात्र प्रत्येक कंपनी आपला आपण ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निकाल लावू नका. जून २०२० मध्ये टायर आयातीवर निर्बंध आले, म्हणून अलॉय घेण्याआधी त्या साइजचा टायर बाजारात मिळतोय ना, ते विचारा.

दुकानात साइडवॉलवरचा, टायर कधी बनला ते सांगणारा डॉट (DOT) कोड शोधा. शेवटचे चार आकडे २३२५ असतील, तर टायर २०२५ च्या २३ व्या आठवड्यातला. कोड कधीकधी आतल्या बाजूला येतो, म्हणून बसवण्याआधीच बघा. वर्षापेक्षा जुना माल असेल तर दुसरा मागा.

दोनच टायर बदलत असाल तर नवे मागे घाला, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि ॲक्सिलरेटर सोडून सावरता येते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते. मागे-पुढे वेगळी रुंदी असेल तर अर्थात हा पर्याय नाही.

बसवताना बाण फिरण्याच्या दिशेने आणि ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आहे ना, पाहा. व्हॉल्व्ह नवे घाला. नट गनने आवळून सोडून देतात, ते चालू देऊ नका. टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट आळीपाळीने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळायला सांगा. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा. अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट घ्या: टो (वरून पाहिल्यावर चाकांचा आत-बाहेर कल) बिघडलेला असला तर टायरची आतली कड गोटा होऊ शकते आणि बाहेरून काही दिसत नाही.

रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर) काढून साधे टायर घालणार असाल तर अशा गाडीत बहुधा स्टेपनी नसते, म्हणून पंक्चर किट आणि छोटा पंप डिकीत ठेवा.

हवा सकाळी, गाडी तीन तास उभी असताना भरा. तापमान ५-६ अंशांनी घसरलं की साधारण १ पीएसआय उतरतो. मे महिन्यात दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे ४ ने कमी दिसते.

खाचांची खोली मेमध्ये मोजा. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, पण ३ मिमीच्या खाली गेलेला टायर पावसाळ्यात नेऊ नका. आणि नव्या टायरवर पहिले २००-३०० किमी बेताने. वरचा गुळगुळीत थर निघेपर्यंत पूर्ण पकड येत नाही.