नदीकाठचं जुनं शहर: आधी वर चढा, नदी नंतर
शरदात नदीकाठचं ऐतिहासिक शहर बघायला पहाटे निघालो आणि थेट पुलावर पोचलो, की समोर नुसतं धुकं. म्हणून क्रम उलटा ठेवा.

१. आधी उंचावरचा किल्ला किंवा टेकडी गाठा. धुकं खालीच साचलेलं असतं, वर बऱ्याचदा लख्ख ऊन मिळतं.
२. मग उतरत जुन्या गल्ल्या. नदी आणि पूल ऊन तापल्यावर, शेवटी.
३. गाडीतून उतरल्या उतरल्या परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. बोटीची शेवटची फेरीही विचारा, या दिवसांत फेऱ्या कमी होतात. (युरोपात बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून घड्याळ १ तास मागे जातं, त्यामुळे संध्याकाळ अचानक लवकर येते.)

ओल्या पानांखालच्या दगडी पायऱ्या मात्र भलत्याच निसरड्या असतात. कठडा धरूनच उतरा.