पुरुषांच्या लैंगिक आरोग्यातल्या या चुका टाळा

चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मध्यरात्री पोट धरून उठतो, एखादी उलटीही होते. घरात अ‍ॅसिडिटीची गोळी शोधली जाते. खरं दुखणं एका बाजूच्या अंडकोषात असतं, पण ते आईवडिलांना सांगायचं कसं, म्हणून तो ‘पोट दुखतंय’ एवढंच म्हणतो आणि सकाळपर्यंत कळ सोसतो. या क्षेत्रातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वृषण (अंडकोषातली गोटी) ज्या रज्जूला लटकलेलं असतं तिला पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो. साधारण 6 तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. 12 तासांनंतर ती आशा झपाट्याने मावळते आणि एक दिवस उलटला की बहुधा ते काढूनच टाकावं लागतं. मार लागलेला नसतानाही असं होतं, 12 ते 18 या वयात जास्त. दुखऱ्या बाजूचं वृषण वर ओढल्यासारखं किंवा आडवं दिसतं. मुलगा ओटीपोटात दुखतंय म्हणाला तर आडपडदा न ठेवता विचारा, ‘खाली गोटीत दुखतंय का?’ हो म्हणाला तर थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. सकाळच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

घरी थांबू नये असे आणखी तीन प्रसंग: 4 तासांहून जास्त टिकलेली लिंगाची ताठरता, लिंगाच्या टोकावरून मागे सरकवलेली कातडी पुढे न येऊन टोकाला चढलेली सूज, आणि संभोगात ‘कट्’ असा आवाज येऊन लिंग सुजणं, काळंनिळं पडणं. तिन्ही वेळा लोक बर्फ लावून थांबतात, आणि तिन्ही वेळा उशीर नडतो.

याच्या उलट, दुखत नाही म्हणून सोडून दिलेली गाठ. वृषणाचा कर्करोग तरुणपणी, विशीत-तिशीत जास्त आढळतो आणि गाठ बहुधा दुखत नाही. वेळेत उपचार झाले तर तो बरा होण्याचं प्रमाण फार चांगलं आहे. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर अंडकोषाची कातडी सैल पडते, तेव्हा प्रत्येक वृषण अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून बघावं. मागच्या बाजूला हाताला लागणारी मऊ, दोरीसारखी जागा ही गाठ नव्हे. शुक्राणू तिथे साठतात. एक वृषण थोडं खाली लोंबणं हेही नेहमीचंच. गोटीच्या अंगालाच घट्ट खडा लागला तर सोनोग्राफी करून घ्या.

ताठरतेच्या तक्रारीत तर चुकांची रांगच लागते. पहिली चूक म्हणजे हा फक्त मनाचा किंवा वयाचा प्रश्न समजणं. लिंगाच्या धमन्या जेमतेम 1 ते 2 मिलीमीटर रुंदीच्या, हृदयाच्या 3 ते 4 मिलीमीटरच्या. रक्तवाहिन्या खराब व्हायला लागल्या की बारीक नळी आधी तक्रार करते, म्हणून छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी इथे त्रास सुरू झालेला दिसतो. चाळिशीत ताठरता हळूहळू कमी होत गेली असेल तर गोळीच्या आधी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासा, सिगारेट सोडा. पहाटे नीट ताठरता येते आणि जोडीदारासोबतच येत नाही, असं असेल तर ताण किंवा धास्ती हे कारण असण्याची शक्यता जास्त.

दुसरी चूक गोळीची. सिल्डेनाफिल (ताठरतेसाठीची गोळी, व्हायग्रातलं औषध) भरपेट तेलकट जेवणावर घेतली की उशिरा लागू पडते, आणि कामोत्तेजना नसेल तर काहीच करत नाही. पहिल्यांदा गुण आला नाही म्हणून मनानेच दोन घेऊ नका. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी किंवा स्प्रे घेणाऱ्याने ही गोळी घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. ‘शुद्ध हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्येही हेच औषध छुपं मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. म्हणून हृदयरोग्याने त्यांच्या वाटेला जाऊच नये.

वीर्यतपासणीतही घोटाळे होतात. आधी 2 ते 7 दिवस वीर्यस्खलन नको, नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचायला हवा. सुरुवातीच्या भागात शुक्राणू सर्वाधिक असतात, म्हणून तोच सांडला तर न लाजता सांगा. नाहीतर अहवाल उगीच वाईट येतो. एका अहवालावर खचूनही जाऊ नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे मागे येऊन गेलेला मोठा ताप आजच्या आकड्यात दिसतो. मूल हवं असताना ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणं मात्र घातक: बाहेरून हार्मोन मिळालं की वृषणातली शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ थांबते.

स्वच्छतेचं थोडक्यात. लहान मुलाची कातडी जोर लावून मागे ओढू नका, ती वयानुसार आपोआप सुटते. मोठ्यांना रोज साधं पाणी पुरतं. जंतुनाशक चोळल्याने आग वाढते. जांघेतल्या नायट्याला स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की चार दिवस बरं वाटतं आणि मग तो दुप्पट पसरतो. टोकाला पुन्हापुन्हा लाली, चिरा येत असतील तर रक्तातली साखर बघा.

स्वप्नदोष आणि हस्तमैथुन यांनी मात्र शरीर झिजत नाही. वीर्याचा बहुतांश भाग प्रोस्टेट आणि शुक्राशय या ग्रंथींतला द्रव असतो, तो सतत बनत राहतो. म्हणूनच नसबंदीनंतरही त्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं. फक्त शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिन्यांनी तपासणीत शुक्राणू शून्य दिसेपर्यंत दुसरं गर्भनिरोधक साधन सोडायचं नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘अशक्तपणा वाटतो’ एवढंच म्हणून थांबू नका. ते टॉनिक लिहून देतील. त्रास ताठरतेचा, लवकर स्खलनाचा की इच्छेचा, कधीपासून, पहाटे ताठरता येते का, हे स्पष्ट सांगा. चालू औषधांची यादी सोबत न्या. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. त्या मनानेच बंद न करता बदलून मागा.