पाठलागावरच्या पोलीस गाडीने धडक दिली तर

सायरन चालू असला म्हणून पोलीस चालकाला निष्काळजीपणाची सूट मिळत नाही. पण सायरन ऐकूनही तुम्ही वाट दिली नसेल, तर तुमची चूक धरून भरपाई कापली जाते.

आधी १०८ ला फोन. गाड्या हलवण्याआधी नंबरप्लेट, टायरचे व्रण आणि सिग्नलचा दिवा दिसेल असे फोटो काढा. समोरच्या दुकानाचं फुटेज त्याच दिवशी मागा, ते लवकर पुसलं जातं.

पोलीस ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे (शहरात पोलीस उपायुक्तांकडे) पाठवा, तरीही हलले नाहीत तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. ‘आपसात मिटवा’ म्हणतील. जखम असेल तर मिटवू नका.

भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली सहा महिन्यांत अर्ज करा. इथे बहुतेक जण चुकतात: सरकारी गाडीला विम्यातून सूट असते, त्यामुळे विमा कंपनी शोधत बसू नका, चालकासोबत महाराष्ट्र शासनालाच प्रतिवादी करा. गंभीर दुखापतीत कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता अडीच लाख मागता येतात, पण मग १६६ चा मार्ग सोडावा लागतो.

तुमच्या गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल तर दुरुस्ती त्यातूनच करा, विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत पत्र्याला हात लावू नका.