बेभरवशाचा क्वार्टरबॅक ठेवायचा की सोडायचा, हे कसं ठरवावं

मी न्यू जर्सीत राहते आणि जायंट्सची, म्हणजे एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगमधल्या न्यूयॉर्कच्या संघाची, पाठराखण करते. म्हणजे हा प्रश्न मला दर मोसमात पडतो. नवरा कोल्हापूरचा, त्याच्या लेखी फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि तालमींचे संघ. हेल्मेट घालून हातात चेंडू घेऊन पळतात त्या खेळाला तो फुटबॉल म्हणायलाच तयार नाही. त्यामुळे घरात वाद घालायला कुणी नसतं आणि माझं सगळं वहीत जातं. माझं काम विम्याचे दावे तपासण्याचं : गाडी कुणी ठोकली, चूक कुणाची, किती द्यायचे. क्वार्टरबॅकचा, म्हणजे संघासाठी पास फेकणाऱ्या खेळाडूचा, हिशोबही मी तसाच करते. ती रीत इथे सांगते, उदाहरण मुख्यतः डॅनियल जोन्सचं. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांत) सहाव्या क्रमांकावर घेतलेला, जायंट्सकडे सहा मोसम खेळलेला आणि मधेच सोडून दिलेला हा मुलगा या विषयाचा पाठच आहे.

सुरुवात करताना तुमचा क्वार्टरबॅक कुठल्या जातीचा बेभरवशाचा आहे ते ओळखा. एक जात टॅम्पा बेच्या जेमिस विन्स्टनची. २०१९ मध्ये त्याने ५,१०९ यार्ड फेकले, ३३ टचडाउन (गोलरेषेपार पोचलेले पास) दिले आणि ३० इंटरसेप्शनही (समोरच्यांनी पकडलेले पास). एकाच मोसमात दोन्हीकडे तीस गाठणारा तो लीगच्या इतिहासातला पहिला. त्यातले सात चेंडू तर समोरच्यांनी पकडून थेट टचडाउनला नेले. शेवटचा सामना अटलांटाशी, जादा वेळेतला पहिलाच डाव, आणि पास गेला समोरच्या डियॉन जोन्सच्या हातात. टचडाउन, सामना संपला.

दुसरी जात आमच्या जोन्सची. २०२२ मध्ये १६ सामन्यांत फक्त ५ इंटरसेप्शन. छान वाटतं ना? पण टचडाउन पासही १५च, म्हणजे सामन्याला एकसुद्धा नाही. विन्स्टनला लगाम नव्हता, जोन्सचा हात आखडता. पहिल्या जातीच्या चुका टीव्हीवर लख्ख दिसतात. दुसऱ्या जातीची चूक म्हणजे जे घडलंच नाही ते. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, वीस यार्डांवर मोकळा उभा असतो आणि हा चार यार्डांवरच्या दुसऱ्या झेलणाऱ्याला (टाइट एंडला) चेंडू देऊन मोकळा होतो. त्यावर समालोचकही काही बोलत नाही. म्हणून रिप्ले चालू असताना चेंडूकडे बघू नका, मैदानाच्या खोल भागाकडे बघा. लीगच्या पैसे भरून घ्यायच्या सेवेत उंचावरून सगळे २२ खेळाडू दिसणारी फिल्म मिळते. सामना संपल्यावर ती लावली तर अर्ध्या तासात अंदाज येतो.

आता वही. प्रत्येक फसलेल्या डावापुढे तीनच रकाने : त्याची चूक, साथीदाराची चूक, समोरच्याची करामत. चेंडू रिसीव्हरच्या हातावर आपटून उडाला आणि मग कुणी झेलला, तर ते क्वार्टरबॅकच्या नावावर टाकायचं नाही, आकडेवारीत ते त्याच्याच नावावर असलं तरी. डाव सुरू झाल्यापासून तो एकाच माणसाकडे टक लावून बसला आणि तिथेच फेकला, तर मात्र शंभर टक्के त्याचं. सॅकचा, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडल्याचा, निवाडा जरा अवघड. मी मोठ्याने सेकंद मोजते. अडीचच्या आत कुणी येऊन आपटलं तर दोष ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे त्याला राखणाऱ्या रांगेचा. साडेतीनच्या पुढे गेलं तर बहुतेक वेळा चेंडू धरून बसलेल्याचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध जायंट्सनी एका रात्रीत ११ सॅक खाल्ले. लाइनमधला डावा टॅकल अँड्र्यू थॉमस जखमी होऊन बाहेर होता, भिंतीला भगदाड पडलेलं. त्या रात्रीचा बराच दोष मी लाइनकडेच टाकला. पण त्याच सामन्यात गोलरेषेजवळ फेकलेला चेंडू डेव्हन विदरस्पूनने पकडून ९७ यार्ड पळवला, तो जोन्सच्याच खात्यात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि भांडणाऱ्यांना नेमकं हेच नको असतं.

वही भरताना प्रशिक्षक किती बदलले तेही टिपून ठेवा. जोन्सने पहिल्या चार मोसमांत तीन मुख्य प्रशिक्षक पाहिले : पॅट शर्मर, जो जज, ब्रायन डेबोल. मधे २०२१ च्या नोव्हेंबरात आक्रमणाची आखणी करणाऱ्या जेसन गॅरेटला काढलं ते वेगळंच. दर खेपेला डावांची नावं नवी, इशारे नवे, पावलं नवी. एवढी सूट द्यायलाच हवी. मात्र तिला मुदत असते. २०२२ पासून डेबोल आणि आक्रमणाची आखणी करणारा माइक काफ्का टिकले, तेव्हा २०२४ मध्ये ‘पोराला सारखे मास्तर बदलून मिळाले’ हे चालणार नाही.

त्याच्या रकान्यात जमलेल्या चुकांची मग पुन्हा वाटणी करा, सुधारणाऱ्या आणि न सुधारणाऱ्या. चेंडू हातातून सुटणं सुधारतं. पहिल्या मोसमात जोन्सचे तब्बल १८ फंबल होते, २०२२ मध्ये ते सहावर आले. पायांची चुकीची ठेवण सुधारते. विन्स्टनने तर त्या तीस इंटरसेप्शनांच्या मोसमानंतर डोळ्यांचं लेसर ऑपरेशन करून घेतलं! अंगावर कुणी धावून आलं की डोकं थिजणं मात्र क्वचितच जातं. चौथ्या मोसमातही तेच दिसत असेल तर ते जाईल या आशेवर पैसे लावू नका. (२०२० मध्ये ईगल्सविरुद्ध जोन्स ८० यार्ड सुसाट पळाला आणि मागे-पुढे कुणी नसताना आपोआप पडला. ही चूक कुठल्या रकान्यात घालायची ते मला आजही कळलेलं नाही. हसून सोडून द्यावी.)

इथे आमच्याकडचा प्रत्येक म्हातारा चाहता जुन्या क्वार्टरबॅकचं, इलाय मॅनिंगचं नाव काढतो. २००७ मध्ये इलायचे २० इंटरसेप्शन. नोव्हेंबरात मिनेसोटाविरुद्ध एकाच सामन्यात चार, त्यातले तीन समोरच्यांनी टचडाउनला नेलेले. आणि दहा आठवड्यांनी, ३ फेब्रुवारी २००८ ला, त्याच इलायने तोवर अपराजित असलेल्या न्यू इंग्लंडला सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, १७-१४ हरवलं. ‘बघा, धीर धरला म्हणून!’ खरं आहे. पण त्या संघात मायकेल स्ट्रेहन, ओसी उमेन्योरा, जस्टिन टक होते. समोरच्याला चौदावर रोखणारा बचाव होता. इलायचा दाखला देणाऱ्याला विचारा, आपल्याकडे असा बचाव आहे का? नसेल तर तो दाखला बाद.

एका सामन्यावर भाळणंही टाळा. जानेवारी २०२३, प्लेऑफ (बाद फेरी), मिनेसोटा. जोन्सने ३०१ यार्ड फेकले, वर ७८ यार्ड पळाला, जायंट्स ३१-२४ जिंकले. आमच्याकडे दिवाळीच. पण त्या मोसमात यार्ड खिरापतीसारखे वाटण्यात मिनेसोटाचा बचाव ३२ संघांत शेवटून दुसरा होता. पुढच्याच आठवड्यात फिलाडेल्फियात गाठ खऱ्या बचावाशी पडली, ३८-७. मी अशा सामन्यांना वहीत अर्धेच गुण देते. कमकुवत बचावासमोर गाजवलेला सामना आणि बलाढ्य बचावासमोर फसलेला सामना, दोन्हींना अर्धेच. उरलेल्या मधल्या संघांसमोर तो कसा खेळतो, यावर माझा भर असतो.

एवढं झाल्यावर पैशांकडे वळा, कारण निम्म्याहून जास्त निकाल तिथेच लागतो. लीगमध्ये पगाराला कमाल मर्यादा असते. २०२३ मध्ये ती प्रत्येक संघाला २२ कोटी ४८ लाख डॉलर होती, आणि त्यात पन्नासहून जास्त माणसं बसवायची. क्वार्टरबॅकला जे जास्त द्याल ते लाइनमधून, बचावातून कापलं जातं. म्हणून ‘तो चांगला आहे का’ हे एकटं विचारून उपयोग नाही. कितीला आणि किती वर्षांसाठी, हे सोबत विचारावंच लागतं.

पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूबाबत संघाला तीन पायऱ्या मिळतात. चौथ्या मोसमाआधीच्या वसंतात पाचव्या वर्षाचा पर्याय (चार वर्षांचा पहिला करार एका वर्षाने वाढवणारा) उचलता येतो. तो नाही उचलला तर चौथ्या मोसमानंतर फ्रँचाइज टॅग, म्हणजे ठरलेल्या मोठ्या रकमेला एकच वर्ष. नाहीतर सरळ दीर्घ करार. जोन्सचा पाचव्या वर्षाचा पर्याय सुमारे २ कोटी २४ लाखांचा होता. २०२२ च्या वसंतात जायंट्सनी तो नाकारला. नवे जनरल मॅनेजर जो शोन नुकतेच आले होते, जोन्सची मान आदल्या मोसमात दुखावलेली, आणि पर्याय उचलला की पैसे पूर्ण हमीचे होतात. त्यांची भीती मला समजते. पण मग तो मोसम बरा गेला आणि मार्च २०२३ मध्ये संघ कोंडीत सापडला. टॅग एका वर्षी एकालाच लावता येतो, आणि इकडे जोन्स व चेंडू घेऊन पळणारा सेक्वॉन बार्कली, दोघांचे करार संपलेले. क्वार्टरबॅकचा टॅग ३ कोटी २४ लाख, बार्कलीचा १ कोटी १ लाख. ७ मार्चला दुपारी चारची मुदत टळायला काही मिनिटं असताना जोन्सशी चार वर्षांचा १६ कोटींचा करार झाला, त्यात सुमारे ८ कोटी २० लाख हमीचे. टॅग बार्कलीला लागला. वर्षभराने बार्कली फिलाडेल्फियाला गेला, तिथे २०२४ मध्ये २,००५ यार्ड पळाला आणि सुपर बोल जिंकला.

आदल्या वर्षी सव्वादोन कोटी भरले असते तर २०२३ साठी जोन्स हातात राहिला असता, टॅग बार्कलीसाठी मोकळा असता आणि दीर्घ कराराची घाईच नसती. म्हणून माझा पक्का नियम : क्वार्टरबॅकबद्दल मन दोलायमान असेल तर आणखी एक वर्ष विकत घ्या, चार नाही. शंका राहू द्यायलाही पैसे पडतात, पण चुकीच्या खात्रीपेक्षा ते कमीच असतात.

सोडायचं म्हणत असाल तर त्याच्या जागी येणाऱ्याचं नाव लिहा. नाव लिहिता येत नसेल तर तो निर्णय नाही, नुसता राग आहे. टॅम्पाने विन्स्टनला जाऊ दिलं तेव्हा टॉम ब्रेडी मिळत होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी स्वतःच्याच मैदानावर सुपर बोल जिंकला. आणि नाव लिहिता आलं तरी किंमत बघा. २०२१ मध्ये क्लीव्हलँडचा बेकर मेफिल्ड डाव्या खांद्याला दुखापत घेऊन खेळला, आकडे घसरले, सगळे वैतागले. संघाने डेशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि पूर्ण हमीचे २३ कोटी मोजले. वॉटसनचा तिथला खेळ कुणाला आठवावासा वाटत नाही. मेफिल्ड फिरत फिरत टॅम्पाला पोचला, ४० लाखांत एक वर्ष खेळला, मग १० कोटींचा करार मिळवला आणि २०२४ मध्ये ४१ टचडाउन पास दिले. क्लीव्हलँडने दुखरा खांदा ‘त्याची चूक’ या रकान्यात घातला, असं माझं मत.

ठेवायचं ठरलं तर मुदतही आधीच ठरवा, आणि करारातली कलमं वाचून ठरवा. जोन्सच्या करारात २०२५ साठी २ कोटी ३० लाखांची हमी होती, तो जखमी झाला तर लागू होणारी. नोव्हेंबर २०२४ मध्ये म्युनिकला कॅरोलायनाकडून हरल्यावर जायंट्सनी त्याला बाकावर बसवलं त्यामागे हे कलमही होतं, आणि काही दिवसांत त्याच्याच विनंतीवरून त्याला मोकळं केलं. त्यामुळे मोसमाच्या मध्यावर, सुट्टीच्या आठवड्याच्या आसपास, वही काढा आणि तोवरच्या रकान्यांची बेरीज करा. सामना हरल्याच्या दुसऱ्या दिवशी करू नका. मंगळवारी किंवा बुधवारी करा. इंडियानापोलिसने २०२५ साठी जोन्सला १ कोटी ४० लाखांत, एकाच वर्षासाठी घेतलं, आणि पहिल्या दहापैकी आठ सामने जिंकले. माझ्या वहीत त्या कराराला पूर्ण गुण आहेत.